जुनी पेन्शन, एनपीएस, यूपीएस... बिल शेवटी कुणाच्या नावावर फाटणार?

तळटीप
मागे एका भलत्याच धाग्यावर एनपीएसवरून (नॅशनल पेन्शन सिस्टीम, सरकारी नोकरांची नवी पेन्शन) जुंपली होती आणि संपादकांनी सगळे प्रतिसाद उडवले, ते योग्यच होतं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. इथे मनसोक्त भांडा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे' हे कुणी विचारायला नको. जुनी पेन्शन परत आणली की सरकारवर लगेच बोजा पडतो असं टीव्हीवर सगळे ओरडतात. पण पहिली काही वर्षं बोजा पडतच नाही, उलट सरकारच्या हातात पैसे वाचतात. आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

कसं ते बघा. जुन्या योजनेत साठवलेला पैसा असा काही नसतोच. पेन्शनसाठी कर्मचाऱ्याचे कापत नाहीत आणि सरकारही बाजूला काही ठेवत नाही (जीपीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी वेगळा, तो त्याचा स्वतःचा पैसा). माणूस रिटायर झाला की त्या त्या वर्षी जो टॅक्स गोळा होतो त्यातून त्याची पेन्शन. शेवटच्या बेसिकच्या (मूळ पगाराच्या) निम्मी, वर डीए (महागाई भत्ता), वेतन आयोग आला की ती पुन्हा नव्याने बसवतात, केंद्रात ऐंशी पार केली की २० टक्के जादा आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शन दुप्पट. केंद्राने हे १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी बंद केलं (सैन्यदलं सोडून), महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून. नव्यांना एनपीएस, म्हणजे त्यांच्या पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने आधी १० आणि २०१९ पासून १४ टक्के घालायचे आणि हा पैसा दर महिन्याला खरोखर तिजोरीतून बाहेर पडून फंडात जातो.

म्हणजे आज राज्य सरकार दोन्हीकडून भरतंय. जुन्यांची पेन्शन चालू आहेच, वर नव्यांचे १४ टक्के. आता समजा उद्या कुणी जाहीर केलं की सगळ्यांना जुनी पेन्शन, तर ते १४ टक्के त्याच महिन्यापासून भरायचे बंद! २००५ नंतर लागलेले लोक मोठ्या संख्येने रिटायर व्हायला लागणार २०३५ च्या पुढेमागे. तोपर्यंत बजेट छान दिसणार, मतं पण मिळणार, आणि बिल फाटणार अशा मुख्यमंत्र्याच्या नावावर जो आज कदाचित कॉलेजात असेल. आरबीआयच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमध्ये एक लेख होता (लेखकांची मतं, बँकेची नाहीत, तसं त्यांनी लिहिलंय), त्यात सगळी राज्यं जुन्यावर गेली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत वर्षाला जीडीपीच्या ०.९ टक्के जादा खर्च होईल असा अंदाज होता. आधी बचत आणि मग बोजा हा क्रम त्या लेखातही आहे, पण पेपरवाल्यांनी साडेचार पट तेवढं उचललं.

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब यांनी २०२२ मध्ये आणि हिमाचलने २०२३ मध्ये परतीची वाट धरली. नुसती १४ टक्क्यांची बचत पुरली नाही म्हणून त्यांनी आधी भरलेले पैसेही परत मागितले. केंद्राने सांगितलं की कायद्यात तशी सोयच नाही, तो पैसा कर्मचाऱ्याच्या नावावर आहे.

खडूफळा
एसीत बसून गणितं मांडणं सोपं आहे सर. मी २००७ ला लागलेलो जिल्हा परिषद शिक्षक. आमच्या शाळेत माझ्याच शेजारच्या वर्गावर जे गुरुजी आहेत ते २००५ च्या जून मध्ये लागलेत, शिक्षण तेच, काम तेच, जनगणना निवडणूक पोषण आहार सगळी झेंगटं तीच, त्यांना जुनी पेन्शन आणि मला काय तर शेअर बाजार. मार्च २०२३ च्या संपात मी होतो आणि परत संप झाला तर परत जाईन. एकच मिशन जुनी पेन्शन.

आणि ज्या 'फंडात पैसा जातो' म्हणताय ना त्याची गंमत सांगतो. सुरवातीला आमच्याकडे एनपीएस नव्हतंच, डीसीपीएस (राज्याची आधीची अंशदायी पेन्शन योजना) होतं. पगारातून १० टक्के बिनचूक कापले जायचे, पण कित्येक वर्षं त्याची स्लिपच मिळाली नाही, सरकारचा हिस्सा पडला का, व्याज लागलं का, कुणाला विचारायचं? एका ऑफिसात गेलो की ते म्हणणार दुसऱ्या टेबलाला विचारा, दुसरं टेबल म्हणणार तुमची बदली झाली तेव्हाचा रेकॉर्ड तिकडेच राहिला. नंतर प्रान नंबर (एनपीएसचा खाते क्रमांक) आला, मग जुने पैसे वर्ग करायचा घोळ सुरू. माझे काही महिने अजून सापडत नाहीयेत. फंड चांगला की वाईट हे नंतरचं बोलणं, आधी पैसा फंडात पोचला पाहिजे ना? आणि बाजारात पैसे असताना उशिरा पोचले तर मधल्या काळाची वाढ पण गेलीच.

आमचा एक सहकारी नोकरीत असताना गेला, तेव्हा त्याच्या बायकोला फॅमिली पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. हे बदललं कधी, तर संपानंतर, ३१ मार्च २०२३ चा जीआर आला तेव्हा. संप केला नसता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

मधली_सुट्टी
पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

नोव्हेंबरचा_दाखला
खडूफळा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी जुन्या पेन्शनवाला, माझं काही जात नाही, तरी बोलतो. १७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टाने नाकारा खटल्यात निकाल दिला की पेन्शन म्हणजे सरकारने उदार होऊन दिलेली खैरात नव्हे, तो केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हक्क आहे. खंडपीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. म्हणूनच १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे असतो. नोकरीला लागताना आम्हाला बाहेरपेक्षा कमी पगार होता, तो आम्ही घेतला तो म्हातारपणाच्या भरवशावर. आता मध्येच 'बोजा' 'बोजा' म्हणायचं हे काही शोभत नाही.

आणि आता आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत 'बिगर अंशदायी पेन्शन योजनांचा (म्हणजे जुन्या पेन्शनचा) निधी नसलेला खर्च' विचारात घ्या असं वाक्य घातलंय, ते वाचून पेन्शनर संघटना उगाच नाही भडकल्या. आज वाक्य घालतात उद्या कात्री लावतात.

तळटीप
@नोव्हेंबरचा_दाखला काका, नाकारा निकालाबद्दल वाद नाहीच. पण हक्क मान्य केला तरी पैसे कुठून येणार हा प्रश्न शिल्लक राहतोच की. आधी मान्य केलेला हक्क पुरा करायला पैसे लागतात, आणि म्हणून तर बाजूला ठेवायला हवे होते. तुमच्या नोकरीच्या काळात सरकारने दरवर्षी तुमच्या नावाचे काही टक्के वेगळे ठेवले असते तर आज बोजा शब्द कुणी काढलाच नसता. सरकारी हिशोब रोखीचा असतो, पैसा ज्या वर्षी गेला त्या वर्षीचा खर्च. एखाद्या कंपनीने उद्या द्यायची ग्रॅच्युइटी ताळेबंदात दाखवली नाही तर ऑडिटर सही करताना अडवेल. सरकारला असं कुणी अडवत नाही.

@खडूफळा स्लिपांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. एनपीएस बदनाम होण्यात निम्मा वाटा या अंमलबजावणीचा आहे.

गणिताचा_तास
कुणीतरी आकडे मांडा म्हणण्यापेक्षा मीच मांडतो. ढोबळ आहेत, रुपया रुपया पकडू नका.

समजा रिटायर होताना बेसिक ८०,०००. जुनीत पेन्शन ४०,००० आणि वर डीए. आता तोच माणूस एनपीएसमध्ये, फंड जमला ६० लाख धरू. त्यातले ६० टक्के म्हणजे ३६ लाख हातात, टॅक्स नाही. उरलेल्या ४० टक्क्यांची म्हणजे २४ लाखांची अॅन्युइटी (विमा कंपनीकडून आयुष्यभराची ठरावीक पेन्शन) घ्यावीच लागते. दर साडेसहा टक्के धरला तर वर्षाला १ लाख ५६ हजार, महिन्याला १३,०००. लोक हे १३ आणि ४० शेजारी ठेवतात आणि छाती पिटतात. ते बरोबर नाही कारण हातातले ३६ लाख कुठे गेले? ते पण त्याच दराने लावले तर आणखी १९,५०० येतात, म्हणजे साडेबत्तीस हजार झाले, आणि अॅन्युइटी जर मुद्दल परत देणारी घेतली असेल तर मागे वारसांना २४ लाख राहतात, जुनीत जोडीदाराची फॅमिली पेन्शन संपली की बहुतेक संपलं.

पण!! हे साडेबत्तीस हजार आयुष्यभर साडेबत्तीसच राहणार. महागाई ५ टक्के धरली तर वीस वर्षांनी त्या १३,००० ची किंमत आजच्या ४,९०० च्या आसपास. जुनीतले ४०,००० डीएमुळे तिथल्या तिथे टिकतात, वर वेतन आयोग. माझ्या मते सगळी मारामारी या डीएची आहे, शेअर बाजाराची नाहीच. सरकारी एनपीएसच्या डिफॉल्ट स्कीममध्ये शेअर्स बरीच वर्षं १५ टक्क्यांच्या वर जातच नव्हते, बाकी सरकारी रोखे वगैरे, आणि आतापर्यंत वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास सुटलेत. बाजार कोसळून कुणी रस्त्यावर आलेलं नाही.

खडूफळा
मग ते तीन-चार हजार पेन्शनवाले व्हिडिओ खोटे आहेत का?

गणिताचा_तास
खोटे नाहीत. पण ती माणसं बघा कोण आहेत, २००६-०७ ला वयाच्या पंचेचाळिशीत लागलेली किंवा आधी रोजंदारीवर असून उशिरा कायम झालेली. नोकरी दहा-बारा वर्षं, पगार खालच्या ग्रेडचा, त्यात तुम्ही म्हणता तसे पैसे उशिरा जमा. फंड मोठा होतो तो शेवटच्या वर्षांत, आणि ती वर्षंच त्यांना मिळाली नाहीत. अट्ठावीस-तीस वर्षं पूर्ण एनपीएसमध्ये काढलेला माणूस अजून रिटायर व्हायचाच आहे, त्यामुळे खरं चित्र कुणीच बघितलेलं नाही. त्या उशिरा लागलेल्यांसाठी मात्र किमान पेन्शन हवीच होती, ती पहिल्या दिवसापासून न ठेवणं हा अक्षम्य ढिसाळपणा.

पीएफवाला
कधीपासून वाचतोय, आता राहवत नाही.

कुणीतरी आमच्याबद्दल पण बोला. खाजगी कंपनीत पस्तीस वर्षं घासली. ईपीएस-९५, पीएफबरोबरची आमची पेन्शन योजना, माहित आहे का इथे कुणाला? कंपनीच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, पण १५,००० च्या पगारावरच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. सरकार १.१६ टक्के घालतं. पेन्शनचं सूत्र काय तर पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पस्तीस वर्षं, १५ हजारावर, करा हिशोब, साडेसात हजार. ही जवळपास कमाल झाली हो! डीए शून्य. आज जे मिळालं ते मरेपर्यंत तेवढंच. आणि किमान किती? १,००० रुपये, सप्टेंबर २०१४ पासून हलले नाहीयेत. बुलढाण्याहून म्हातारी माणसं आंदोलनं करतायत ७,५०० किमान द्या म्हणून, कुठल्या चॅनेलवर दिसतात? त्यांच्या संपाने काही बंद पडत नाही ना.

आणि आता माझ्या पेट्रोलवरच्या टॅक्समधून एका गुरुजींना १४ टक्के कमी पडतात म्हणून चाळीस हजार आणि वर महागाई भत्ता द्यायचा. वा.

खडूफळा
@पीएफवाला दादा तुमची पेन्शन वाढवा म्हणून लढा ना, आम्ही येतो बरोबर. आमची कमी करा म्हणून तुमची वाढणार आहे का?

पीएफवाला
वाढणार नाही हे मलाही कळतं. पण पैसा एकाच पिशवीतून येतो की. ज्याच्या हातात शाळा आणि ट्रेझरी बंद पाडायची ताकद त्याला आधी मिळतो, एवढंच म्हणतोय.

चकवा
अहो सगळे एकमेकांचे गळे काय धरताय. माजी आमदाराला पन्नास हजार पेन्शन, एकदा निवडून आला तरी!! ते बंद करा आणि बघा पैसेच पैसे.

नोव्हेंबरचा_दाखला
+१००

तळटीप
आलाच का हा मुद्दा, मी वाटच बघत होतो :)
चकवाराव, राग समजतो, मलाही येतो. पण आकडा बघा. माजी आमदार हजारभर धरले (धरले म्हणतोय, मोजलेले नाहीत), प्रत्येकी ५०,०००, वर्षाला ६० कोटी. पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला २,००० वाढतात ते धरून थोडे जास्त. राज्याचा पेन्शनचा खर्च कित्येक हजार कोटींत आहे. आमदारांची बंद केली तर बरं वाटेल, तिजोरीला कळणारही नाही. 'स्वतःला जुनी आणि आम्हाला एनपीएस' हा टोमणा मात्र वाजवी आहे, त्याला उत्तर नाही कुणाकडे.

पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज हे तीनच मिळून राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त भाग खातात. हे न टाळता येणारे खर्च. कर्ज ९ लाख कोटींच्या वर गेलंय. लाडकी बहीणला २०२५-२६ च्या बजेटमध्ये ३६,००० कोटी. मग कात्री कशाला लागते, तर ज्याला बोलायला तोंड नाही त्याला, रस्त्याची डागडुजी, रिक्त पदं, धरणाचं अर्धवट काम. खडूफळा सर, तुमच्या शाळेत मंजूर पदं किती आणि भरलेली किती हे तुम्हीच सांगा.

खडूफळा
ते नका विचारू. दोन वर्ग एकत्र घेतोय. पण त्याचं खापर माझ्या पेन्शनवर का? मला तर अजून दमडी मिळालेली नाही.

तळटीप
तुमच्या पेन्शनवर नाही, तुमच्या आधी जे रिटायर झाले आणि ज्यांच्यासाठी काही ठेवलं गेलं नाही त्यांच्या पेन्शनवर, आणि त्यांचीही चूक नाही. सैन्याचं बघा, ते अजून जुन्याच पद्धतीत आहेत आणि असायलाच हवेत, पण २०२५-२६ ला संरक्षणाचे जे ६.८१ लाख कोटी होते त्यात १.६० लाख कोटींच्या वर नुसती पेन्शन. अग्निवीर प्रकरणामागे हे गणित नव्हतं असं कुणी म्हणू नये.

सातासमुद्रापार
परदेशातून लिहितेय. ही आपलीच रड आहे असं समजू नका. बिस्मार्कने १८८९ ला जर्मनीत सरकारी पेन्शन आणली तेव्हा वय ठेवलं होतं ७०, त्या काळी तिथपर्यंत पोचणारेच मोजके, म्हणून ते परवडलं. नंतर १९१६ ला ६५ केलं. आता माणसं त्यापुढे पंधरा-वीस वर्षं आरामात जगतात आणि मागून पोरं कमी जन्माला येतात. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचा साठा २०३३ च्या सुमारास संपेल असं त्यांचे विश्वस्तच सांगतायत. फ्रान्सने २०२३ ला वय ६२ वरून ६४ करायचं ठरवलं तर रस्ते पेटले, संसदेत मतदान न घेता कायदा रेटला आणि शेवटी तो स्थगित करायची वेळ आली.

मला स्वीडनचं आवडतं. तिथे पद्धतीतच ब्रेक आहे, जमा आणि देणं यांचा तोल गेला की पेन्शनची वाढ आपोआप कमी होते, मंत्र्याने सही करायची गरज नाही. २०१० मध्ये खरोखर पेन्शन कमी झाली होती. लोक चिडले, पण दंगा नाही झाला. आपल्याकडे डीए एक टक्का कमी करून दाखवा!

आणि चिलीने १९८१ ला नव्याने कामाला लागणाऱ्यांना स्वतःच्या खात्यावर टाकलं, ज्या लष्करी राजवटीने टाकलं तिने स्वतःच्या सैन्याला मात्र वगळलं. चकवा यांच्या मुद्द्याला आंतरराष्ट्रीय पाठिंबा आहे म्हणायचा.

चकवा
हाबिणंदन करा माझं.

पाणपोई
इथे चाळीस हजार, तेरा हजार, साडेसात हजार असे आकडे फिरतायत. मी गावाकडे निराधारांचे फॉर्म भरून देते म्हणून लिहिते. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० मिळतात, २०२३ च्या आधी १,००० होते. त्यात केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला फक्त २०० रुपये आणि ऐंशीच्या पुढे ५००, आणि हा २०० चा आकडा कित्येक वर्षं तसाच आहे. बाकी राज्य घालतं. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या, ऊसतोड केलेल्या, आयुष्यभर कष्ट यांचेही झालेत, त्याला कुणी सेवा म्हणत नाही आणि सर्व्हिस बुक पण नाही. दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम येतात, कधी आधार लिंक नाही म्हणून अडकतात, तेव्हा कुणी संपावर जात नाही, बँकेत जाऊन परत येतात.

अटल पेन्शन आहे पण त्यात आधी भरायला पैसे पाहिजेत आणि वय चाळिशीच्या आत पाहिजे. आता साठीला टेकलेल्यांना त्याचा काय उपयोग.

२०५० पर्यंत देशात साधारण दर पाचातला एक माणूस साठीच्या वरचा असणार म्हणतात. त्यातले पेन्शनवाले किती, एवढं तरी बघा.

मधली_सुट्टी
पाणपोई ताई, वाचून गप्प झाले. पॉपकॉर्न ठेवून दिले.

माझा एक व्यवहारी प्रश्न होता, यजमान केंद्र सरकारात आहेत, २०११ पासून. यूपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम, एनपीएसऐवजी निवडायची) येऊन इतका गाजावाजा झाला, मुदत जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दोनदा वाढवली, तरी ऑफिसात जवळपास कुणी घेतलंच नाही म्हणतात. ५० टक्के हमी आहे, डीए आहे, तरी का नको?

गणिताचा_तास
चांगला प्रश्न. यूपीएस १ एप्रिल २०२५ पासून आलं, केंद्राने नेमलेल्या सोमनाथन समितीनंतर. २५ वर्षं नोकरी असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के, दहा वर्षं झाली असतील तर किमान १०,०००, जोडीदाराला ६० टक्के, आणि महागाईची वाढ. सरकार १८.५ टक्के घालतं, त्यातले १० तुमच्या खात्यात आणि ८.५ सगळ्यांच्या सामायिक साठ्यात. वर सांगितलेली डीएची अडचण यात सुटते.

पण मेख अशी की पूर्ण हमी हवी असेल तर तुमचा जमलेला फंड (ठरवलेल्या रकमेपर्यंत) सरकारला द्यायचा. मधून मोठी रक्कम काढली तर पेन्शन त्या प्रमाणात कमी. रिटायर होताना मिळणारं एकरकमी म्हणजे दर सहा महिन्यांच्या नोकरीला मासिक पगाराचा (बेसिक अधिक डीए) दहावा हिस्सा, २५ वर्षांना साधारण पाच पगार. नवरा बायको दोघं गेले की मुलांना काही नाही. शिवाय २५ वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन लगेच नाही, मूळ निवृत्तीच्या तारखेपासून सुरू. ज्यांचा फंड चांगला फुगलाय त्यांना वाटतं हातातले साठ टक्के का सोडायचे. आणि बऱ्याच जणांना वाटतंय की थांबलो तर जुनीच परत मिळेल.

नोव्हेंबरचा_दाखला
आणि ते वाटणं अगदीच हवेतलं नाही. महाराष्ट्रात २ फेब्रुवारी २०२४ चा जीआर आहे, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती पण हजर नंतर झाले, त्यांना जुनीचा पर्याय दिला. थांबले त्यांना मिळालं.

तळटीप
ते वेगळं आहे काका, ती प्रशासनाने उशीर केलेल्यांना दिलेली भरपाई होती, आणि रास्तच होती.

खडूफळा
एक विचारतो तळटीप सर. राज्याने यूपीएसला होकार दिला २५ ऑगस्ट २०२४ ला, केंद्राच्या दुसऱ्याच दिवशी, वर सुधारित एनपीएसचाही पर्याय काढला. आमच्या ग्रुपवर निम्मे म्हणतात घ्या, निम्मे म्हणतात घेतलं तर जुनीची मागणी संपली. समजा मी म्हटलं की माझे १० टक्के कापा, हरकत नाही, फक्त शेवटी निम्मी आणि डीए लेखी द्या. एवढं परवडेल का राज्याला? हो की नाही सांगा, तात्त्विक नको.

तळटीप
परवडेल, एका अटीवर. सरकारचा वाटा दर महिन्याला खरोखर बाहेर पडून वेगळ्या ठिकाणी गेला पाहिजे आणि तो किती टक्के लागतो ते दर काही वर्षांनी विमागणिती (पुढच्या देण्यांचा हिशोब मांडणाऱ्या) लोकांकडून तपासून बजेटमध्ये वाढवला पाहिजे. केंद्राने १४ चे १८.५ केले ते हमीची किंमत म्हणूनच. १४ वरच राहून ५० टक्के आणि डीए लिहून दिलं तर ती हमी कागदावरच. हिमाचलने जुनी पेन्शन आणली आणि सप्टेंबर २०२४ ला पगार ५ तारखेला, पेन्शन १० तारखेला गेली. हमी त्यांच्याकडेही लेखीच होती.

म्हणून तुमच्या संघटनेने मागणी करायचीच तर ५० टक्क्यांच्या जोडीला ही पण करा की हिस्सा वेळेत न भरल्यास सरकारने व्याज द्यायचं आणि दर वर्षी किती देणं तुंबलंय ते बजेटच्या पुस्तकात छापायचं. तुमच्या न सापडणाऱ्या महिन्यांपासूनच सुरुवात करता येईल.

खडूफळा
व्याजाचं ठीक आहे, ते आमच्या निवेदनात होतंच कधीतरी. बजेटमध्ये छापायचं घालतो या रविवारच्या मीटिंगमध्ये. जुनीची मागणी मात्र सोडणार नाही, सांगून ठेवतो.

पीएफवाला
त्या निवेदनात एक ओळ ईपीएसची पण टाका म्हणजे झालं. मघाशी येतो म्हणाला होतात.

खडूफळा
टाकतो. मजकूर तुम्हीच पाठवा, सूत्र वगैरे मला जमणार नाही.